पॉलच्या डोळ्यांनी

रेमार्कची ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ रात्री पुन्हा वाचून संपवली. कादंबरी १९२९ सालची, कथा सांगतो पॉल बॉयमर हा पहिल्या महायुद्धातला कोवळा जर्मन सैनिक. त्याला दिसेल तेवढंच आपल्याला दिसतं. नकाशे नाहीत, सेनापतींचे बेत नाहीत. भूक, उवा आणि मेलेल्या मित्राचे बूट पुढे कोण घालणार हा प्रश्न, एवढंच.

तोफगोळ्याने पडलेल्या खड्ड्यात तो एका फ्रेंच सैनिकाला भोसकतो. तो माणूस तासन् तास तडफडतो आणि पॉलला तिथून हलता येत नाही. नंतर त्याच्या पाकिटात नाव सापडतं, बायकोचा आणि लहान मुलीचा फोटो सापडतो. तो छापखान्यात खिळे जुळवणारा कामगार होता. हेच कुणा त्रयस्थाने सांगितलं असतं, तर मी हळहळून पान उलटलं असतं. इथे सुरा जणू माझ्याच हातात असतो.

पण ही जवळीक बरंच झाकतेही. १९१४ मध्ये तटस्थ बेल्जियमवर जर्मन फौजा चालून गेल्या, तिथले नागरिक मारले गेले. पॉलच्या कथनात त्याला जागा नाही. त्याच्यावर जीव जडला की आपणही ते विचारायचं विसरतो, आणि मला हे फार खुपतं.

शेवटच्या ओळींत तर निवेदकच बदलतो. पॉलचं मरण दुसराच कुणी सांगतो, अगदी थोडक्यात.

आता बार्ब्यूसची ‘अंडर फायर’ काढली आहे, १९१६ ची, फ्रेंच खंदकांतली. तिथून जर्मन कसे दिसतात, ते बघायचंय.