आबांची बुलेट आणि उरलेला वॉशर

हवाई दलात आहे म्हटलं की गावाकडचा पहिला प्रश्न असतो, "विमान चालवतोस?" नाही म्हटलं की दुसरा, "मग दुरुस्त करतोस?" त्यालाही नाहीच म्हणावं लागतं. मी स्टोअरमधला माणूस. सुटे भाग मोजून घ्यायचे, बिन कार्डावर चढवायचे, मागणी आली की सही घेऊन द्यायचे. सतरा वर्षांच्या नोकरीत हजारो पाने माझ्या हातून गेले, पण नट फिरवायला म्हणून एकही हातात धरला नव्हता. त्यामुळे तंजावूरला बदली झाल्यावर मी सामानाच्या ट्रकमध्ये आबांची बुलेट घातली, तेव्हा आमच्या स्टेशनवरचे फिटर हसले. त्यांची काही चूक नव्हती.

आबा सिग्नल्समधले डीआर, म्हणजे डिस्पॅच रायडर. वायरलेसवर बोलायचं नाही असा कागद एका हेडक्वार्टरहून दुसऱ्या हेडक्वार्टरला मोटरसायकलवरून पोचवायचा, ही नोकरी. १९८३ साली पेन्शनीवर साताऱ्याकडच्या आमच्या गावी आले आणि वर्षभरात त्यांनी १९७१ची बुलेट घेतली. माझं लहानपण तिच्या टाकीवर बसून गेलं. पुढे आबांचा उजवा गुडघा गेला, किक मारणं बंद झालं आणि गाडी गोठ्यात उभी राहिली. आठ वर्षं. कोंबड्यांनी सीटवर अंडी घातली.

एका अर्थानं तिला मी माहेरी आणलं असं म्हणायला हरकत नाही. रॉयल एनफिल्ड मूळची इंग्लंडच्या रेडिचची. पन्नासच्या दशकात आपल्या लष्करानं सीमेवरच्या गस्तीसाठी बुलेट निवडली आणि १९५५ साली मद्रास मोटर्सबरोबर एनफिल्ड इंडिया उभी राहिली. मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला कारखाना निघाला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मूळ इंग्रज कंपनी संपली, पण इकडची बुलेट चालूच राहिली. ३४६ सीसी, ७० मिलिमीटरचा बोअर आणि ९० मिलिमीटरचा स्ट्रोक. पिस्टनचा प्रवास लांब, म्हणून तो ठोका. आमचं भाड्याचं घर मेडिकल कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत आहे. मागच्या पडवीत ताडपत्री अंथरली आणि शिपाई नाही तर स्टोअरकीपर म्हणून कामाला लागलो. काढलेला प्रत्येक नट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला चिठ्ठी, चिठ्ठीवर कुठून काढला, किती, चांगला की बाद. पहिल्याच रविवारी एकशे चाळीस पिशव्या झाल्या. बायको म्हणाली, "आता घरातल्या डाळींनाही बिन कार्ड लावा."

चिठ्ठ्या उत्तम होत्या, हात नव्हते. मेट्रिक पान्यानं मी तीन बोल्टांची डोकी गोल करून ठेवली. जुन्या बुलेटचे बरेच नट-बोल्ट इंग्रजी मापाचे असतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या डोक्याचा नसतोच, तो आट्यांच्या जाडीचा असतो. स्टोअरमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला हे एका गॅरेजवाल्यानं सांगावं! हे मेस्त्री सत्तरीचे, आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची टपरी. त्यांना हिंदी येत नाही आणि मला तमिळचे वीसेक शब्द येतात. त्यांतले दोन त्यांनीच दिले: 'मेल्ल', म्हणजे हळू, आणि 'वेंडाम', म्हणजे नको. टाकीला झाळ लावायची होती तेव्हा हे दोन्ही शब्द मी एका दमात ऐकले. टाकी मी आठवडाभर उन्हात वाळवली होती, म्हणजे झालं असं मला वाटत होतं. पण पेट्रोल संपलं तरी त्याची वाफ आत दडून राहते आणि आगीजवळ नेलं की टाकी फुटते. मेस्त्रींनी ती आधी धुतली, मग गळक्या जागेपर्यंत पाण्यानं भरली आणि मगच झाळ लावली. माझे हात नंतर बराच वेळ थरथरत होते.

रंगाचं प्रकरण मात्र मी एकट्यानंच काढलं. मागच्या मडगार्डवर पॉलिश पेपर घासताना काळा रंग गेला, त्याखाली लाल प्रायमर आला आणि त्याखाली हिरवा. फौजेत राहिलेल्याला तो हिरवा ओळखायला दुसऱ्यांदा बघावं लागत नाही. आणखी हळू घासलं तर पांढऱ्या रंगाचा एक बाण दिसला, वर तोंड केलेला. लष्करी गाडीच्या नंबराआधी असतो तोच. मी ताडपत्रीवर बसून राहिलो. चाळीस वर्षं घरात असलेली गाडी लष्कराची होती आणि मला ते माहीतच नव्हतं.

रात्री फोन लावला.

"ऑक्शनमधली हाय ती," आबा म्हणाले. "तुला सांगितलं न्हवतं व्हय?"

"तुमचीच होती का? युनिटमधली?"

"छ्या. माझी कुठं गेली कुणाला ठावं. तिच्यासारखी हाय म्हणून घेतली."

मी ठरवूनच टाकलं की आता हिला परत हिरवी करायची. आबांना दाखवायची. मग एका मित्रानं नियम दाखवला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२१ वा: ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांनाच. म्हणजे जो तिचा मूळ रंग, तोच तिला आता बेकायदा. आबांना सांगितलं तर ते हसायला लागले. "हिरवा कशाला रं? मी पेन्शनीत आलो, गाडी बी पेन्शनीत आली. काळा मी माझ्या पैशानं मारलाय. सोनेरी रेघा बी मीच वढल्यात, गुळाचे पैसे आले त्या साली."

त्या रेघा मी खरवडून टाकल्या होत्या. हे काही मला तेव्हा सांगवलं नाही.

त्या रविवारी आम्ही मोठ्या देवळात, बृहदीश्वराला गेलो. तंजावूरला येणारा मराठी माणूस तिथं सरफोजी राजांच्या काळात, १८०३ साली भिंतीवर कोरलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास शोधतो, तसा मीही शोधला. पण माझं लक्ष भित्तिचित्रांच्या माहितीनं खेचून घेतलं. गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या बोळात चोळांच्या काळातली, हजार वर्षांपूर्वीची चित्रं आहेत. नायकांच्या काळात त्यांच्यावर नवा गिलावा चढला आणि त्यावर नवी चित्रं निघाली. १९३१ साली खालची चित्रं असल्याचं उघडकीला आलं. आता खालचं बघायचं तर वरचं खरवडायचं का? वरचंही काही शतकांचं. पुरातत्त्व खात्यानं वरचा चित्रांचा थर अख्खा उचलून फायबरग्लासच्या फळ्यांवर बसवला आणि दोन्ही जपलं. मी मात्र ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर घेऊन बसलो होतो.

त्यानंतर माझी पद्धत बदलली. टूलबॉक्सला अजून पेपर लागला नव्हता, त्याच्या झाकणाची आतली बाजू तशीच ठेवली, हिरव्यासकट. बाकी गाडी काळी. सोनेरी रेघा कोऱ्या सोडल्या. आणि जे बदलायचं ते असं बदलायचं की उद्या कुणाला जुनं परत लावता आलं पाहिजे. फ्रेमला एकही नवीन भोक पाडायचं नाही, काही कापायचं नाही, जुना भाग चिठ्ठी लावून पेटीत.

कागदोपत्रीही एक वाट होती. २०२१ साली केंद्रानं जुन्या गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी असेल तर वीस हजार भरून 'व्हीए' अक्षरांची नंबरप्लेट मिळते. पण मग ती रोज रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, एवढंच. मित्रांना ही कल्पना फार आवडली. मला नाही. डीआरची गाडी शोकेसमध्ये?

चालवायची तर मग रस्त्यावर दिसली पाहिजे आणि थांबली पाहिजे. जुनी वायरिंग सहा व्होल्टची. ३६ वॉटच्या बल्बला सहा व्होल्टवर सहा अँपिअर ओढावे लागतात, बारावर तीनच. जुन्या, गंजक्या जोडांतून सहा अँपिअर न्यायचे म्हणजे निम्मा उजेड वाटेतच संपतो. म्हणून चार्जिंगची कॉइल, रेग्युलेटर, बॅटरी, हॉर्न, दिवे सगळं बारा व्होल्टचं केलं. इंडिकेटर बसवले, आरसे बसवले. ब्रेकचे लायनर नवे. पॉइंट्स मात्र तसेच ठेवले. इलेक्ट्रॉनिक इग्निशन नक्कीच चांगलं, पण पॉइंट बिघडला तर रस्त्याकडेला बसून पॉलिश पेपरनं साफ करता येतो, आणि ते करायला आबांना येतं.

इंजिन बंद करून, तेल भरून, पहिल्यांदा चालू झालं तो दिवस दिवाळीच होता. मेस्त्रींनी कान लावला, मान हलवली. मी पिशव्या आवरायला घेतल्या आणि एका पिशवीत वॉशर सापडला. एकच. चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: क्लच केसच्या आतल्या नटाखालचा.

मेस्त्रींनी हात झटकला. गाडी चालतेय, आवाज स्वच्छ आहे, सोड. पण आमच्याकडे विमानाजवळ वापरलेला एक स्क्रूड्रायव्हर जरी मोजणीत कमी भरला तरी तो सापडेपर्यंत विमान सुटत नाही. सतरा वर्षं मी ती मोजणी केली आहे. पायलट कोण आहे हे न बघता केली आहे. इथं तर मला माहीत होतं की गाडीवर कोण बसणार. दुसऱ्या दिवशी तेल काढलं, केस उघडली. नट हातानं फिरण्याइतका सैल होता. मेस्त्री बघत होते. काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

तरी आपटलोच. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्याला. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. डिसेंबरची सकाळ, मार्गळीचा महिना, गल्लीत दारोदारी बायका मोठमोठे कोलम काढत होत्या. समोर एक सायकल आली आणि माझा उजवा पाय सवयीनं खाली दाबला गेला. थांबायच्या ऐवजी वरचा गिअर पडला. सायकलवाला वाचला. मी शेजारच्या आजींच्या कोलमवरून भिंतीला जाऊन टेकलो. आजी रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोलम भिंतीला खेटून काढला.

गिअर डावीकडे नेता येतो. फ्रेमखालून एक दांडा घालायचा. पण त्यासाठी फ्रेमला पट्टी वेल्ड करायला लागणार होती. शिवाय आबांच्या पायांना दुसरं काही माहीत नाही. आबांनी फोनवर उपाय सांगितला: रिकाम्या मैदानात रोज शंभर वेळा थांबायचं. आठ दिवस पहाटे तेच केलं. आठव्या दिवशी डावा पाय आपण होऊन दाबला गेला.

आबा पोंगलनंतर आले. गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीवर हात फिरवला, रेघा नाहीत हे बघितलं आणि काही बोलले नाहीत. टूलबॉक्सचं झाकण उघडून मी आतला हिरवा दाखवला. "असू दे," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिरुवैयारूच्या रस्त्याला निघालो. बारा-तेरा किलोमीटर, वाटेत नद्यांवर नद्या: वडवारू, वेण्णारू, वेट्टारू, कुडमुरुट्टी. आबा मागे बसलेले. गिअर बदलायची वेळ आली की माझ्या खांद्यावर बोट टेकवायचे. कावेरीच्या अलीकडे एक मोकळी वाट लागली, दोन्ही बाजूंना भात. तिथं त्यांनी गाडी थांबवायला लावली.

"किक तू मार. बाकी माझं."

छातीत धस्स झालं. ब्रेक मी बसवला होता, नट मी आवळले होते, तपासून सही करणारा दुसरा कुणी नव्हता. मी किक मारली. आबांनी डाव्या पायानं ब्रेक चाचपला, उजव्या अंगठ्यानं गिअर उचलला आणि निघाले. मी वाटेवर उभा राहून आवाज मोजत होतो. दुसरा. तिसरा. मग वळणापलीकडे ठोका बारीक झाला आणि ऐकूच येईना.

परत आले तेव्हा चष्म्यावर चिलटं चिकटली होती. गाडी माझ्यासमोर अचूक थांबवली.

"पुढचा ब्रेक सैल हाय. पाना आण."

पाना मी आणला होता. व्हिटवर्थच. पण हातात घेतला त्यांनी.