डबे मोजा!

बालमित्रांनो, तुमच्यापैकी कुणाचे वडील शेतात राबतात, कुणाचे एस.टी. चालवतात, कुणाचे दुकान सांभाळतात. माझे वडील रेल्वेत होते. रेल्वेत म्हटलं की ड्रायव्हर नाहीतर गार्ड डोळ्यांपुढे येतो. आमचे अण्णा यांपैकी कुणीच नव्हते. ते गँगमन होते आणि पुढे चावीवाले झाले.

मी लहान असताना एकदा त्यांना विचारलं, "अण्णा, तुमच्याकडं कुठल्या कुलपाची चावी असते?"

अण्णा अगदी गंभीर चेहरा करून म्हणाले, "माय, रुळाला रोज कुलूप लावावं लागतंय. न्हाईतर राच्च्याला रूळ उठून लातूरला बाजाराला जातेत!"

आई पदराआड हसत होती.

खरी गोष्ट अशी, की रूळ स्लीपरला घट्ट धरून ठेवणारी लोखंडी पाचर असते, तिला 'चावी' म्हणतात. गाड्यांच्या हादऱ्यानं ती सैल होते. चावीवाल्यानं रोज आपल्या वाट्याचा काही किलोमीटरचा पट्टा पायी चालायचा, दोन्ही रूळ बघायचे आणि सैल झालेली प्रत्येक चावी हातोड्यानं ठोकून बसवायची. ऊन असो, पाऊस असो, त्याला सुटका नाही. एक चावी विसरली तर काय होईल, ते सांगायला नको.

आमची गाडी म्हणजे बार्शी लाइट. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरनं ती उभारली. १८९७ मध्ये कुर्डूवाडी ते बार्शी ती सुरू झाली आणि १९११ मध्ये येडशी, ढोकी करत लातूरला पोचली. दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट! ढोकीजवळच्या आमच्या गावातून तिची शिट्टी ऐकू यायची. गाडी इतकी सावकाश चालायची, की अण्णा सांगायचे, "पुढच्या डब्यातनं उतरावं, हरभऱ्याचा डहाळा उपटावा आन् मागच्या डब्यात बसून खावा!"

अण्णांचे हात मात्र गमतीचे नव्हते. तळवे दगडासारखे टणक. १९७२ च्या दुष्काळात, एकोणीस वर्षांचे असताना, ते दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. तीन वर्षांनी रेल्वेत लागले, तर तिथंही खडीच! बीटर मारून मारून स्लीपरखाली ती घट्ट बसवायची. "खडीची आन् माझी सोयरीक हाय," असं ते म्हणायचे.

संध्याकाळी घरी आले, की अण्णा लगेच आत येत नसत. दारातल्या दगडावर थोडा वेळ गप्प बसत. आम्ही पळत जायला लागलो, तर आई हात धरून थांबवायची. म्हणायची, "थांबा रे, थकवा बाहीर ठेवलालेत." मग अण्णा उठायचे, तोंडावर पाणी मारायचे, दोन बोटं तोंडात घालून जोराची शिट्टी वाजवायचे आणि 'गाडी' घरात शिरायची! कुणाला खांद्यावर, कुणाला पाठीवर घेऊन अंगणाला तीन फेऱ्या.

या गाडीचा एक नियम होता. सुटण्याआधी अण्णा ओरडायचे, "डबे मोजा!" मग प्रत्येक पोरानं आपला नंबर मोठ्यानं सांगायचा. एक! दोन! तीन! गल्लीतली पोरंही यात असायची. एखादा डबा बोलला नाही, तर गाडी जागची हलत नसे.

आता जे सांगणार आहे, ते ३० सप्टेंबर १९९३ चं. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून सगळी गाढ झोपली होती. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं क्षणात कोसळली. साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली. तेव्हा मी पाच वर्षांची होते. आमचं गाव दूर असल्यामुळं वाचलं, पण घराच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग पडली.

अंधारात सगळी माणसं रस्त्यावर आली. बाया रडत होत्या. कोण आत राहिलं, कोण बाहेर आलं, काही कळत नव्हतं. तेवढ्यात अण्णांचा आवाज आला, "डबे मोजा!"

आम्ही रडत रडतच बोललो. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सगळे डबे होते!

मग अण्णांनी कंदील पेटवला, हातोडा घेतला आणि ते निघाले. आई म्हणाली, "आसल्या वक्ताला कुटं निघालाव?" अण्णा म्हणाले, "सकाळच्या गाडीत बी कुणाची तरी लेकरं असतेत." आपल्या पट्ट्यातला रूळ पायाखालून घालून ते परत आले, तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता.

त्यानंतर कित्येक दिवस गावातलं कुणी घरात झोपलं नाही. मधूनच जमीन थरथरायची. अण्णा रोज रात्री शेतातल्या मोकळ्या जागेत आमची गाडी चालवायचे. आम्ही हसत हसत नंबर सांगायचो. ती माणसं मोजायची युक्ती होती, हे पोरांना कुठं ठाऊक! भिऊन मोजलं तर लेकरं जास्त भितात, म्हणून अण्णा खेळत खेळत मोजत होते.

पुढं ब्रॉडगेज आलं. २००७-०८ मध्ये आमच्याकडची जुनी लाइन जाऊन साडेपाच फुटी मोठी लाइन झाली. जिल्ह्याच्या गावाला, म्हणजे आजच्या धाराशिवला, तेव्हा पहिल्यांदा रेल्वे मिळाली. छोटी गाडी गेली त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र नव्या रुळावर कामाला हजर!

२०१३ साली ते निवृत्त झाले आणि नातवंडांच्या हाती सापडले. आमच्या दाराच्या चौकटीवर त्यांनी खडूनं तीन रेघा मारल्या. अडीच फुटांवर नॅरोगेज, सव्वातीन फुटांच्या किंचित वर मीटरगेज आणि साडेपाच फुटांवर ब्रॉडगेज. पूर्वी मिरजेला या तिन्ही मापांचे रूळ होते आणि अण्णांनी ते बघितले होते. नातवंडांना चौकटीशी उभं करायचे आणि डोकं रेघेला टेकलं, की "नॅरोगेज पास!" म्हणून गुळाचा खडा द्यायचे. येळवशीला शेतात निघताना आंबिलाचं मडकं घेतलेल्या बायांच्या पुढं हेच आजोबा हिरवी झेंडी दाखवत चालायचे. साठी उलटलेल्या माणसाला हे शोभतं का, असं कुणी म्हणालं, तर उत्तर ठरलेलं : "नोकरीतनं रिटायर झालोय, खेळातनं न्हाई!"

२०२२ च्या उन्हाळ्यात अण्णा गेले. माझ्या मुलानं तेव्हा मीटरगेज कधीच ओलांडलं होतं. ब्रॉडगेजला अजून चार बोटं कमी आहेत. खडूची रेघ पुसट होते. मग तोच ती पुन्हा गिरवतो.

मुलांनो, कष्ट करणारा माणूस नेहमी कपाळाला आठ्या घालूनच असतो, असं नाही. तुमचे बाबा, आजोबा दमून येतात आणि तरी तुमच्याशी घोडाघोडा खेळतात ना? ते खेळणंही त्यांनी तुमच्यासाठी केलेलं कामच असतं. आज त्यांचे तळहात एकदा हातात घेऊन बघा. ही घट्टं कशानं पडली, ते विचारा. छान गोष्ट ऐकायला मिळेल.

मागच्या हिवाळ्यात माझ्या वर्गाची सहल तेरला गेली होती. गोरोबाकाकांचं दर्शन झालं, संग्रहालय पाहून झालं. परतताना गाडीत बसायच्या आधी मी ओरडले, "डबे मोजा!" एकतीस मुलांचे एकतीस आवाज आले. मग आम्ही निघालो.