विमानाने पाठवायचं तर आंबा की ओले काजूगर?

चिपीच्या विमानतळाचा विषय निघाला की आपल्या सिंधुदुर्गात एकच वाक्य ऐकू येतं, "आंबो विमानान जावक व्हयो." ऐकायला बरं वाटतं. पण जरा हिशेब घालून बघा.

हापूस आपण झाडावर पिकवून काढत नाही. चौदा आणे तयार झाला की देठासकट उतरवतो, मग आठ-दहा दिवस अढीत. संध्याकाळी गाडीत भरलेली पेटी सकाळी वाशीला. ज्या फळाला पिकायलाच आठवडा हवा, त्याचे दहा तास वाचवून काय मिळणार? आंबा मार खातो तो धक्क्यांनी आणि गाडीतल्या उष्म्याने. त्यावर उपाय हवेशीर क्रेट आणि भरण्याआधी थंड केलेलं फळ. परदेशी म्हणाल तर अमेरिकेसाठी विकिरण, जपानसाठी उष्णबाष्प प्रक्रिया लागते, त्यामुळे माल थेट इथून उडणारच नाही. आणि चिपीची धावपट्टी अडीच किलोमीटरची असली, तरी मुंबईला जायचं ते एटीआर सत्तरेक माणसांचं. ट्रकभर पेट्या त्याच्या पोटात मावायच्या नाहीत.

ओल्या काजूगराचं मात्र वेगळं. बी कोवळी असताना कापायची, चिकाने हात सोलवटून घ्यायचे, दिवसभर बायका बसल्या तरी किलो मोजकेच निघतात. वजन हलकं, भाव चढा, आणि बाहेर ठेवला तर दुसऱ्या दिवशी वास बदलतो. शंभर किलो गर म्हणजे पंधरा किलोवाल्या सात प्रवाशांच्या बॅगा, एवढंच.

पण त्याला विमान ठरल्या वेळी यायला हवं. 9 ऑक्टोबर 2021 ला विमानतळ सुरू झाला, मुंबईची फेरी 'उडान' योजनेतली. त्या योजनेत तोटा भरून द्यायची मुदत तीन वर्षांची. 2024 मध्ये ती फेरी बंद पडली. चाकरमान्याने गणपतीला रेल्वे धरली, गराचं काय? आज फेरी आहे, उद्या रद्द, अशा भरवशावर कोण व्यापारी आगाऊ भाव बोलेल? म्हणून मागणी करायची तर जानेवारी ते मार्च रोजची फेरी, आणि विमानतळावर एक लहानशी शीतखोली. आंब्याचं मोठं कार्गो मागत बसलो तर दोन्ही जातील.

यंदा आमच्या वाडीतली चार घरं थर्माकोलच्या डब्यात बर्फाची पाकिटं घालून गर किती तास टिकतो ते लिहून ठेवणार आहोत. कोणी आधी केलं असेल तर तापमान, तास आणि गर धुतलेला होता की नाही, तेवढं खाली लिहा.