तुलनेसाठी घेतलेली डबी

जिवाणू वाढवायच्या नव्या माध्यमाची चाचणी चालली होती. आयसीयूतल्या रुग्णांच्या स्वॉबशी ताडून पाहायला निरोगी माणसांच्या शौचाचे नमुने हवे होते, आणि प्रयोगशाळेत हाताशी असलेली निरोगी माणसं म्हणजे आम्हीच. पाच जणांनी लाजत, एकमेकांची टिंगल करत डब्या आणून ठेवल्या.

मॅकॉन्की अगारमध्ये सेफोटॅक्झिम मिसळलेलं होतं. हे औषध ज्यांना मारतं, ते जिवाणू त्यावर उगवतच नाहीत. रात्रभर ३७ अंशांवर ठेवलेल्या प्लेट्स सकाळी काढल्या. तीन कोऱ्या, दोन गुलाबी. गुलाबीतली एक माझी.

मला ना ताप, ना जुलाब. वर्षभरात अँटिबायोटिकची एक गोळी घेतलेली आठवत नव्हती. सर प्लेट उजेडाकडे धरून एवढंच म्हणाले, “डिस्क लाव.” लावल्या. एक नुसत्या सेफोटॅक्झिमची, दुसरी त्यात क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड घातलेली. दोन्हींभोवतीच्या मोकळ्या वर्तुळांत ५ मिलिमीटर किंवा जास्त फरक पडला, तर जिवाणू औषध तोडणारं विकर (ईएसबीएल) बनवतो असं धरतात. माझ्या प्लेटवर फरक पट्टी न लावताही दिसत होता. ईएसबीएल बनवणारा ई. कोलाय! हेच शब्द मी रोज दुसऱ्यांच्या रिपोर्टवर टाइप करत होते.

ई. कोलाय तसा घरचाच. थिओडोर एशेरिश यांनी १८८५मध्ये त्याचं वर्णन केलं तेच मुळी तान्ह्या बाळांच्या शौचातून. पण त्यातला हा औषधांना न जुमानणारा कुठून येतो? नेदरलँड्समध्ये २,००१ प्रवाशांवर झालेला अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. जाताना ज्यांच्या आतड्यात असे जिवाणू नव्हते, त्यांतले ३४ टक्के ते घेऊन परतले. दक्षिण आशियात जाऊन आलेल्यांत हे प्रमाण ७५ टक्के होतं. ते बिचारे चार दिवस राहून गेले. आम्ही तर इथेच जेवतो.

आतडं नुसतं कोठार नाही, तो बाजार आहे. २००८मध्ये भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीत क्लेब्सिएला हा जिवाणू सापडला आणि त्यात एनडीएम-१ हे औषधांना दाद न देणारं जनुक. ‘एनडी’ म्हणजे न्यू डेल्ही; नावात दिल्ली आल्यामुळे पुढे केवढा गदारोळ झाला! त्या गोंधळात शौचाचा नमुना मागेच पडला. तेच जनुक त्याच रुग्णाच्या शौचातल्या ई. कोलायमध्येही होतं. प्लाझमिड या डीएनएच्या सुट्या वर्तुळावर बसून ते एका जातीतून दुसरीत गेलं असावं, तेही रुग्णाच्या पोटातच.

“मग मारून टाका ना पोटातल्या त्या ई. कोलायला,” नवऱ्याचं म्हणणं. पण अँटिबायोटिक दिलं, तर आधी मरतात त्याचे शेजारी, आणि रिकामी जागा यालाच मिळते. १९५०च्या दशकातच उंदरांवर हे दिसलं होतं: स्ट्रेप्टोमायसिन दिल्यावर साल्मोनेलाचे अगदी मोजके जिवाणूही संसर्गाला पुरले. निरोगी माणसाची विष्ठा रुग्णाला देण्याचा उपायही आहे, पण त्यातूनच गेलेल्या ईएसबीएल ई. कोलायमुळे अमेरिकेत एक रुग्ण दगावल्याचं २०१९मध्ये नोंदलं गेलं. ते वाचताना मला माझी डबी आठवली. मीही ‘निरोगी’च होते. जपानमधल्या संशोधकांनी २०२४मध्ये निवडक १८ जिवाणूंचं मिश्रण उंदरांना देऊन पाहिलं. ते ग्लुकोनेट हे खाद्य आधीच फस्त करतं आणि क्लेब्सिएला उपाशी राहतो. मला हाच मार्ग पटतो, पण उंदीर आणि माणूस यांत अंतर आहे.

सहा महिन्यांनी मी पुन्हा प्लेट लावली. कोरी. सरांना दाखवली, तर म्हणाले, “गेला, की थोडा उरलाय आणि प्लेटवर दिसत नाही, एवढ्यावरून सांगशील?” महिन्याभराने परत लावली. तीन गुलाबी ठिपके.

घरी सांगितल्यावर आईने चहाचा कप खाली ठेवला. “एका ताटात जेवतो आपण. मग माझीही तपास.” तिला नेऊन दिलेली डबी अजून कपाटावर कोरीच आहे. ती विसरली असावी, आणि मीही आठवण केलेली नाही.