खालची बाजूही कुरकुरीत हवी

आमच्या घरी मासे होतात, कोंबडी होते, रविवारी मटण होतं. डुकराचं मटण मात्र कधी शिजलं नाही. विरोध कोणाचा नव्हता, सवय नव्हती एवढंच. लग्नानंतर वसईला राहायला आले आणि शेजारच्या ख्रिस्ती घरांतून नाताळात डुकराच्या मटणाच्या इंद्यालची वाटी येऊ लागली, तेव्हा मला ही चव कळली. इंद्याल किंवा सोरपोतेल हे त्यांचे पारंपरिक पदार्थ करायला मी धजावत नाही. तो हात पिढ्यान्‌पिढ्या बसलेला असतो. पण वांद्र्याच्या एका उपाहारगृहात ब्रेडक्रम्ब लावून तळलेला पोर्क चॉप खाल्ला. बाहेरून कुरकुरीत, आतून रसाळ. हा पदार्थ आपल्याला यायलाच हवा, असं फार वाटलं. घरात तळण कमी करायचं ठरलेलं होतं आणि ओटीजीमध्ये नानकटाईपलीकडे काही होत नव्हतं, म्हणून चॉप ओव्हनमध्येच करायचं ठरवलं. चॉप म्हणजे जनावराचा नेमका कुठला भाग, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

ते कोल्ड स्टोरेजवाल्या दादांनी सांगितलं. “ताई, चॉप पाठीचा. करीला पाहिजे की फ्रायला?” मी म्हटलं, ओव्हनला. त्यांनी गोठवलेला लांबट तुकडा काढून दाखवला. कण्याच्या दोन्ही बाजूंनी एक लांब मऊ स्नायू जातो, त्याला लॉइन म्हणतात. त्याचे हाडासकट आडवे काप केले की चॉप. बरगडीकडचा काप घेतला तर एका कडेला वाकडं हाड येतं, मागचा घेतला तर इंग्रजी टी अक्षरासारखं. खांद्याकडचाही चॉप मिळतो, पण त्यात चरबी आणि चिवट पडदे जास्त, तो सावकाश शिजवायचा. मला बरगडीकडचा आवडला. त्यांनी करवतीवर सपासप काप केले आणि मी पिशवी घेऊन घरी आले. काप जेमतेम एक सेंटिमीटर जाडीचे होते. इथली बहुतेक गिऱ्हाइकं रश्श्यासाठी मटण नेतात, म्हणून ते बारीकच कापतात. जाडी सांगून घ्यायची असते, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

घरी आल्यावर हात सवयीने नळाकडे गेले. चिकन धुते तसे चॉप धुतले, निथळले आणि मैद्यात घोळवले. मैदा, मग फेटलेलं अंडं, मग ब्रेडचा चुरा हा क्रम पुस्तकात वाचला होता. ओल्या मांसावर मैद्याची खळ झाली. अंड्यात बुडवल्यावर ती खळ सुटून अंड्यात गेली. चुऱ्यात घोळवेपर्यंत माझ्या दोन्ही हातांच्या बोटांना चॉपपेक्षा जाड थर बसला होता.

ओव्हन १८० अंशांवर ठेवला, कारण नानकटाई त्यावर होते. चाळीस मिनिटं ठेवलं, कारण कोंबडीला तेवढी लागतात. बाहेर आलं तेव्हा वरची बाजू फिकी पांढुरकी होती. खालची बाजू ट्रेमध्ये सुटलेल्या पाण्यात भिजून लगदा झाली होती. काटा टोचला की थर अख्खाच्या अख्खा उचलला जात होता आणि आतलं मांस सुरीला दाद देत नव्हतं. घरच्यांनी संपवलं, पण कोणी दुसरा तुकडा मागितला नाही.

त्यानंतर मी वाचायला बसले, कारण मला खरोखर प्रश्न पडला होता: ब्रेडचा थर लावलेलं डुकराचं मांस जगभर कुरकुरीत होतं, मग माझं का नाही? वाचताना लक्षात आलं की त्यातलं बरंचसं तळलेलं असतं. जर्मनी-ऑस्ट्रियात श्निट्झेल तव्यात भरपूर लोणी किंवा तेल घालून तळतात. टोकियोच्या गिन्झा भागातल्या रेंगातेई या उपाहारगृहात १८९९ च्या सुमारास डुकराचं काट्सुरेत्सु मिळू लागलं, त्यातूनच पुढे जपानचा लाडका तोन्कात्सु झाला. तोही कढईभर तेलातला. ओव्हनमधला चॉप ही मुख्यतः अमेरिकी घरांतली रीत. तिथे जनरल फूड्स या कंपनीने १९६५ मध्ये ‘शेक अँड बेक’ नावाचा तयार चुरा बाजारात आणला. पिशवीत चुरा घालायचा, त्यात मांस घालून हलवायचं आणि भाजायला ठेवायचं. म्हणजे ओव्हनमध्ये हे होतं, फक्त त्याची तऱ्हा वेगळी असली पाहिजे.

ती तऱ्हा मला उष्णतेच्या एका साध्या गोष्टीत सापडली. २०० अंशांच्या ओव्हनमधून ट्रे काढताना आतल्या हवेत हात क्षणभर टिकतो. १०० अंशांच्या उकळत्या पाण्यात तो टिकत नाही, लगेच पोळतो. हवा उष्णता हळू पोचवते. पाणी आणि तेल झपाट्याने पोचवतात. तळताना चुऱ्याच्या कणाकणाला गरम तेल भिडतं, त्याच्यातलं पाणी बुडबुडे होऊन निघून जातं आणि तो काही मिनिटांत सोनेरी होतो. ओव्हनमध्ये त्याच चुऱ्याला नुसती हवा लागते. त्यात चुरा अंड्यामुळे ओला. ज्यात पाणी आहे ते १०० अंशांच्या फारसं वर जात नाही आणि पावाला खरपूस रंग यायला साधारण १४० अंश लागतात. या रंग येण्याच्या क्रियेचं वर्णन लुई-कामिय माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केलं. थोडक्यात, चुरा वाळून रंगावर येईपर्यंत वाट पाहिली की आतलं मांस कोरडं होणारच. मांसातलं पाणी आत राखायचं आणि थरातलं पाणी घालवायचं, अशी दोन उलट कामं मी एकाच ओव्हनवर आणि एकाच वेळेवर सोपवली होती.

उपाय सोपा आहे आणि मला तो अजूनही फार सुंदर वाटतो: चुरा आधीच भाजून घ्यायचा. आपण रवा भाजतो, तसाच. कढईत दोन चमचे लोणी किंवा तेल, त्यात दीड-दोन वाट्या चुरा, मंद आचेवर सारखं परतत बदामी रंग येईपर्यंत. मग ताटात पसरून गार करायचा. कुरकुरीतपणा ओव्हनमध्ये जायच्या आधीच तयार झालेला असतो. ओव्हनने तो फक्त टिकवायचा. मी बाजारचा बारीक चुरा सोडून दिला. जपानी पान्को चुरा कडा नसलेल्या पावाचा आणि मोठ्या पापुद्र्यांचा असतो, म्हणून तो हलका लागतो. त्याची पाकिटं मिळतात, पण साध्या ब्रेडच्या कडा काढून तो जाड किसला आणि मंद ओव्हनमध्ये वाळवला तरी काम होतं. मासे तळतो तसा रवा लावूनही पाहिला. तव्यावरच्या तेलात जो रवा इतका छान होतो, तो ओव्हनमध्ये कच्चा आणि कचकचीत राहिला.

आता भीतीबद्दल. डुकराचं मटण अर्धकच्चं राहिलं तर डोक्यात जंत जातात, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पहिल्या वेळी चाळीस मिनिटं ठेवण्यामागे हेही होतं. वाचल्यावर कळलं की गोष्ट अर्धीच खरी आहे. टीनिया सोलियम हा डुकरातला पट्टकृमी. नीट न शिजलेल्या मांसातून तो माणसाच्या आतड्यात जातो, म्हणून मांस पूर्ण शिजवायलाच हवं. पण मेंदूत ज्या गाठी होतात त्या या कृमीच्या अंड्यांमुळे, आणि ती अंडी कृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून, घाणेरड्या पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून आणि भाज्यांतून पोटात जातात. डुकराचं मटण कधीच न खाणाऱ्यालाही तो आजार होऊ शकतो. हे वाचून मी कोशिंबिरीची भाजी जास्त काळजीने धुऊ लागले.

मग पूर्ण शिजलं हे ओळखायचं कसं? घड्याळावरून ओळखता येत नाही. चॉपची जाडी, हाड, ओव्हनचा स्वभाव, सगळं बदलतं. अमेरिकेच्या कृषी विभागाने २०११ मध्ये अख्ख्या तुकड्यांसाठीचं किमान तापमान ७१ वरून ६३ अंश सेल्सिअसवर आणलं आणि त्यानंतर तीन मिनिटं मांस तसंच ठेवायला सांगितलं. खिम्याला मात्र ७१ कायम आहे. मी मांसात खुपसायचा थर्मामीटर आणला. पहिल्यांदा वरून खुपसला, तो हाडाला टेकला आणि भलताच आकडा दाखवू लागला. तो कडेने, आडवा, मांसाच्या मधोमध घालायचा असतो. मी ६७-६८ ला चॉप बाहेर काढते. बाहेर ठेवल्यावर आतला आकडा आणखी थोडा चढतो, सत्तरच्या जवळ जातो. मनाला धास्ती राहत नाही आणि मांसही चिवट होत नाही. आत किंचित गुलाबी छटा दिसली तरी आता मी घाबरत नाही. मी आकड्यावर भरवसा ठेवते.

दुकानात पुन्हा गेले ती माप घेऊन. “दादा, अडीच सेंटिमीटर. एक इंच.” त्यांनी दोनदा विचारलं, मग कापून दिले. एकेक चॉप पाव किलोच्या आसपास भरला. जाड कापाचा फायदा असा की बाहेरचा थर खरपूस होईपर्यंत आतलं मांस तग धरतं. शेजारच्या आंटींना दाखवले. त्यांनी सुरी घेतली आणि कडेच्या चरबीला दोन-तीन ठिकाणी चिरा दिल्या. “नाहीतर वाकडं होतं हे,” म्हणाल्या. चरबी आणि तिच्याखालचा पडदा मांसापेक्षा जास्त आकसतो, त्यामुळे चॉप वाटीसारखा वर उचलला जातो. माझ्या पुस्तकात हे नव्हतं.

आता आमच्याकडे हे असं होतं. एक लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम मीठ विरघळवून चॉप तासभर फ्रिजमध्ये बुडवून ठेवते. मीठ आत मुरतं आणि मांस शिजताना पाणी धरून ठेवतं. बाहेर काढल्यावर नळाखाली धुवत नाही. कच्च्या मांसाचे शिंतोडे ओट्याभर उडतात आणि धुऊन जंतू जातही नाहीत. ते उष्णतेनेच मरतात. स्वच्छ कागदाने मात्र अगदी कोरडे पुसते, कारण मैदा कोरड्यावरच बसतो. मैद्यात मिरपूड, अंड्यात चमचाभर मोहरीची पेस्ट आणि ठेचलेला लसूण. मीठ वेगळं घालत नाही. एक हात कोरड्याचा, एक ओल्याचा: उजव्या हाताने मैदा आणि चुरा, डाव्याने अंडं. ही युक्ती कळल्यापासून माझी बोटं मोकळी राहिली आहेत. जास्तीचा मैदा झटकते, चुरा तळहाताने दाबून बसवते आणि दहा मिनिटं चॉप तसेच ठेवते, म्हणजे थर धरतो.

आणि जाळी. खरा फरक जाळीने पडला. सपाट ट्रेवर ठेवलं की मांसातून निघालेली वाफ खाली अडकते आणि तिचं पाणी होतं. ट्रेवर तेलाचा हात लावलेली जाळी आणि तिच्यावर चॉप ठेवले की खालून हवा फिरते आणि वाफेला वाट मिळते. ओव्हन २२० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं आधी तापवते. माझ्या ओटीजीत मागचा उजवा कोपरा जास्त तापतो, म्हणून अर्ध्या वेळेत ट्रे फिरवते. चॉप उलटत नाही. जाळी असली की उलटावं लागत नाही. विसाव्या मिनिटापासून थर्मामीटर घालून पाहते. बहुतेकदा पंचवीसच्या आसपास होतं. मग त्याच जाळीवर पाच मिनिटं. ताटात लगेच काढलं की खाली घाम धरतो.

असे चॉप पहिल्यांदा जमले तेव्हा सुरी लावल्यावर थराचा आवाज आला आणि आतून रस आला. आंटींना एक नेऊन दिला. त्यांनी खालची बाजू वर करून पाहिली, बोटाने वाजवली आणि मग खाल्ला. चवीला थोडा बॉटल मसाला, म्हणजे त्यांच्या घरचा बाटलीत भरून ठेवलेला मसाला, मैद्यात घाल, म्हणाल्या. घातला. चांगला लागतो, पण चुऱ्यात घालू नका. चुरा भाजताना मसाला करपतो.

तळलेल्या चॉपची बरोबरी होते का, असं विचाराल तर पूर्ण नाही. तेलातली ती भरगच्च चव यात येत नाही. पण मांस जास्त रसाळ राहतं, चार माणसांचं एकदम होतं आणि कढईभर तेल उरत नाही. उरलेला चॉप दुसऱ्या दिवशी १८० अंशांवर, पुन्हा जाळीवरच, दहा-बारा मिनिटं गरम करा. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये थर मऊ पडतो, त्यात करायला जाऊ नका. आणि दुकानात गेलात तर जाडी आधी सांगा: एक इंच, हाडासकट.