बेअरिंग बसविण्याचा धडा

मनुष्याच्या हातून झालेली चूक पुष्कळदां झांकून टाकतां येते. परंतु यंत्राच्या पोटांत झांकलेली चूक आज ना उद्यां आपण होऊन बोलूं लागते. ही गोष्ट मी गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत शिकलों, व ती माझ्या शाळासोबत्यांस सांगावी असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

आमच्या आजोबांजवळ १९६७ सालची फियाट ११०० मोटार आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत १९६४ पासून या जातीच्या मोटारी तयार होऊं लागल्या; त्याच पुढें ‘पद्मिनी’ या नांवानें मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून सर्वांच्या ओळखीच्या झाल्या. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तशी शेवटची टॅक्सीही रस्त्यावरून गेली. त्यामुळें आजोबांचा आपल्या गाडीवर अधिकच जीव. पण गिअरबॉक्समधील तेल वेळेवर बदलण्याची आम्हीं हयगय केली, आणि आंतून घरघर ऐकूं येऊं लागली. गिअर न टाकतां इंजिन नुसतें चालू ठेवलें कीं घरघर सुरू होई. क्लच दाबतांच थांबे. आजोबा म्हणाले, “पुढच्या शाफ्टचें बेअरिंग गेलें.”

जुन्या गाड्यांवर हात बसलेले एक वृद्ध मिस्त्री बोलाविले. त्यांच्या हाताखालीं राहण्याची परवानगी मीं वडिलांकडून मागून घेतली. गिअरबॉक्स खालीं उतरविला, शाफ्ट बाहेर काढला, जुनें बेअरिंग पुलर लावून ओढून काढलें आणि त्यावर कोरलेला अंक पाहून नवें आणलें. त्या अंकांतही गंमत असते. उदाहरणार्थ, ६२०५ या अंकांतील शेवटच्या ०५ ला ५ नें गुणलें कीं आंतील भोकाचा व्यास २५ मिलिमीटर, हें कळतें.

मिस्त्रीबाबांनीं मला समजावून सांगितलें, “बाळ, बेअरिंगला दोन कडीं असतात आणि त्यांच्यामध्यें पोलादी गोळ्या. आंतलें कडें शाफ्टवर घट्ट बसतें. म्हणून शाफ्टवर चढवितांना सारा जोर आंतल्याच कड्यावर द्यायचा. बाहेरच्या कड्यावर घाव घातलास, तर तो गोळ्यांतून आंत जातो, आणि गोळ्या कड्याच्या पन्हाळींत खांचा पाडतात. मी जेवून येतों; तोंवर हात लावूं नकोस.”

ते गेले, आणि मला धीर धरवेना. जवळ पडलेला एक पाइप मीं बेअरिंगवर टेकविला व हातोडीचे पांच-सहा घाव घातले. बेअरिंग जागेवर गेलें. पाइप काढून पाहतों, तों तो बाहेरच्या कड्यावर टेकलेला होता! बेअरिंग बोटानें फिरविलें. वरून नवें कोरें, परंतु बोटाला किंचित् खरखर लागली.

मिस्त्रीबाबा परत आले व हंसून म्हणाले, “वा! बसविलेंस कीं!” ही शाबासकी मला घावापेक्षां जड झाली. गप्प राहिलों असतों, तर संध्याकाळपर्यंत पेटी बंद झाली असती. अखेर खालीं मान घालून मीं सारें सांगून टाकलें.

त्यांनीं बेअरिंग कानाजवळ नेऊन फिरविलें. रागावले नाहींत. “सांगितलेंस तें बरें केलेंस,” ते म्हणाले. “कांहीं महिन्यांनीं पुन्हां घरघर सुरू झाली असती, आणि मी माझ्याच हाताला दोष देत बसलों असतों.”

दुसरें बेअरिंग मीं माझ्या सांठविलेल्या पैशांतून आणलें. या खेपेस मिस्त्रीबाबांनीं शेगडीवर तेलाचें भांडें ठेवलें व बेअरिंग तारेनें त्यांत असें लोंबतें सोडलें, कीं तें तळाला लागूं नये. उष्णता शंभर अंशांच्या सुमारास ठेविली; एकशें वीसच्या पलीकडे गेल्यास पोलादाचा कठीणपणा उणावण्याची भीति असते. २५ मिलिमीटरचें भोंक एवढ्या उष्णतेनें मिलिमीटरचा अवघा पन्नासावा भाग वाढतें, केसाच्या जाडीहूनही कमी. पण तेवढें पुरतें. जाड हातमोजे घालून मीं बेअरिंग उचललें, आणि तें एकही घाव न घालतां शाफ्टवर अलगद सरकलें. निवेपर्यंत मिस्त्रीबाबांनीं तें खांद्याशीं दाबून धरविलें, मग लॉकची कडी बसविली. पेटींत बसविण्यापूर्वी तें बोटानें फिरवून पाहिलें, खरखर नव्हती.

चार दिवसांनीं गाडी सुरू झाली. आजोबा डोळे मिटून कान देऊन बसले. क्लच दाबला, सोडला, आवाज सारखाच. “आतां गप्प झाली,” ते म्हणाले. तेव्हां मीं त्यांनाही सांगितलें, कीं त्या गप्पपणासाठीं दोन बेअरिंगें लागलीं. ते कांहीं बोलले नाहींत. सुकाणूवरचा हात काढून त्यांनीं माझ्या पाठीवर ठेवला.

विद्यार्थिमित्रहो, माझें बिघडलेलें बेअरिंग मीं अभ्यासाच्या मेजावर ठेविलें आहे. अधूनमधून तें फिरवितों. त्याची खरखर अजून बोटाला लागते.