पासंग

वाऱ्यावर हलणारी शिल्पे घडविण्याची ज्याला उमेदवारी करावयाची असेल, त्याने प्रथम वाण्याच्या तराजूपुढे उभे राहावे, असे मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना सांगत आलो आहे. कारण रिकामी पारडी समपातळीवर आणण्यासाठी वाणी जो लहानसा खडा पासंग म्हणून बांधतो, त्यातच या कसबाचे मर्म आहे.

शिल्पाची जुळणी मी खालून वर करीत जातो. बोटाच्या पेराएवढे अगदी शेवटचे पान आधी तारेस अडकवावयाचे, त्याच्या जोडीचा तोल सापडला की ती जोडी हेच एक वजन समजून वरच्या तारेच्या टोकाला टांगावयाची, आणि अशी पायरीपायरीने चढत छताची कडी गाठावयाची. 40 ग्रॅमांचे पान टेकूपासून 30 सेंटिमीटरांवर असले, तर पलीकडचे 60 ग्रॅमांचे पान 20 सेंटिमीटरांवर त्याला तोलून धरते, हा हिशेब शाळकरी पोरही मांडील. परंतु तारेला स्वतःचे वजन असते, डाक दिलेल्या जागी कथिलाचा थेंब कमीअधिक होतो, आणि मग कागद बाजूस सारून कानस हाती घ्यावी लागते. टांगण्याची कडीही गुरुत्वमध्याच्या किंचित वर हवी. फार वर गेली तर शिल्प ताठर होते, अगदी लगत आली तर झुळकेसरशी कलंडते. तांदळाच्या दाण्याएवढ्या या अंतरापायी मी अख्खे दिवस खर्ची घातले आहेत.

ज्याच्या कृतींना मार्सेल द्युशाँने 1931 मध्ये ‘मोबील’ हे नाव दिले, तो अलेक्झांडर काल्डर मूळचा यंत्रविद्येचा पदवीधर. 1955 साली अहमदाबादेस साराभाई कुटुंबाकडे मुक्कामास असताना त्याने तेथेही शिल्पे घडविली. आरंभी वापरलेल्या मोटारींची ठरीव आवर्तने सोडून त्याने पुढे हवेवर भिस्त ठेवली, हे मला त्याचे सर्वांत मोठे धैर्य वाटते. आपल्या कृतीवरील निम्मा अंमल कलावंताने असा सहजी सोडून देणे सोपे नव्हे.

एका कचेरीच्या दालनात मी टांगलेले शिल्प सहा महिन्यांनी पाहावयास गेलो, तो सगळ्या तारा सुतळीने करकचून बांधलेल्या! हलते म्हणून कामात व्यत्यय येतो, असा खुलासा मिळाला. मला अतिशय दुःख झाले. शिडी मागवून एकेक गाठ सोडविली, वाकलेली तार अंगठ्याने सरळ केली, पासंग अर्धे बोट सरकविला आणि खाली उतरून उभा राहिलो. बराच वेळ काहीच हालले नाही. मग कुणीसे व्हरांड्याचे दार उघडले, आणि सर्वांत खालचे ते पेराएवढे पान आधी वळले.